विश्वास कोणाचा?

रविवारच्या मिस्सेत प्रवचन संपले की सारी मंडळी उभी राहतात आणि विश्वासांगीकार म्हणतात. प्रवचन लांबलेले असेल तर तो थोडा घाईनेच म्हटला जातो. लहान मुले तेवढ्यात बाकाखाली गेलेली चप्पल शोधतात, वेदीसेवक अर्पणाच्या तयारीकडे वळतात, आणि दोन मिनिटांत आपण विश्वाच्या उत्पत्तीपासून मृतांच्या पुनरुत्थानापर्यंतचा प्रवास उरकून खाली बसतो. उपासनेतील इतक्या थोर वचनांकडे इतके कमी लक्ष क्वचितच जात असेल. खरे पाहता ती प्रार्थनाही नव्हे, कारण ती देवाला उद्देशून नाही. ती जबानी आहे. आणि जबानी म्हटली की पहिला प्रश्न येतो तो कर्त्याचा : बोलतो आहे कोण?

इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या निमंत्रणावरून निकिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक या गावी, ख्रिस्तसभेचे बिशप जमले. त्यांनी जे विधान केले त्याचे ग्रीक क्रियापद अनेकवचनी होते. आरियसच्या मताला उत्तर म्हणून एका सभेने केलेले ते विधान होते, तेव्हा ‘आम्ही’ हेच स्वाभाविक. परंतु पाण्याच्या कुंडात उतरणाऱ्या बाप्तिस्मार्थीला जो प्रश्न विचारीत, त्याचे उत्तर त्याला एकट्यालाच द्यावे लागे. तेथे ‘मी’ असे. पुढे परिषदेचे ते अनेकवचनी विधान मिस्सेत आले आणि लॅटिन भाषेत एकवचनी झाले. जुन्या पिढीतील आजीआजोबांना ‘क्रेदो’ हा शब्द आठवत असेल; त्याचा अर्थच ‘मी विश्वास ठेवतो’ असा. जी कुटुंबे इंग्रजी मिस्सेला जातात त्यांना आणखी एक गोष्ट स्मरेल. व्हॅटिकन परिषदेनंतरच्या इंग्रजी भाषांतरात ‘आम्ही’ होते, ते २०११ साली बदलून पुन्हा ‘मी’ करण्यात आले. त्या वेळी पुष्कळांना हा शब्दांचा खेळ वाटला. निकियाला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली, पोप लिओ चौदावे नोव्हेंबरात इझनिकला जाऊन आले, आणि त्या निमित्ताने हा ‘मी-आम्ही’चा प्रश्न आमच्या मनात पुन्हा वर आला. खरे म्हणजे तो त्याच्या आधीपासूनच तेथे होता.

मराठीने या प्रश्नाला आणखी एक पदर दिला आहे. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या भाषांना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद ठाऊक नाही. आपल्या चार वर्षांच्या पोरालाही तो कळतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटले तर पाहुणा ओट्यावरच थांबतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले की तो हातपाय धुवायला जातो. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण देवाला ‘आमच्या बापा’ म्हणतो, ‘आपल्या बापा’ म्हणत नाही. कारण ज्याच्याशी बोलतो आहोत तो त्या ‘आमच्या’त मोजलेला नाही, तो बाप आहे, आम्ही लेकरे. एवढे मोठे धर्मशास्त्र आपल्या सर्वनामात दडलेले आहे आणि आम्हांला सेमिनरीत ते कोणी सांगितले नव्हते. (लेखक मंडळी ‘आम्ही’ म्हणतात ते निराळे, तो आडोसा आहे. या लेखातही तो आहे, आणि तूर्त तो राहू द्यावा.)

सर्वनामांचा हा विचार आम्हांला सुचला तो कावेरीच्या काठी. २०२४ च्या जानेवारीत आम्ही तमिळनाडूतील शांतिवनम् या आश्रमात सतरा दिवस राहिलो. तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस, कुळित्तलै गावाजवळ, नारळी-केळींच्या सावलीत हा आश्रम आहे. त्याचे खरे नाव सच्चिदानंद आश्रम. २१ मार्च १९५० या दिवशी, संत बेनेडिक्टच्या तत्कालीन सणाला, दोन फ्रेंच धर्मगुरूंनी तो सुरू केला. एक झ्यूल मोंशानँ, १९३९ साली भारतात आलेले व या परिसरातील खेड्यांत दहा वर्षे धर्मग्रामाचे काम केलेले. दुसरे आँरी ल सो, बेनेडिक्टपंथीय मठवासी, जे पुढे अभिषिक्तानंद म्हणून ओळखले गेले. १९६८ पासून १९९३ साली मृत्यू येईपर्यंत इंग्रज मठवासी बीड ग्रिफिथ्स यांनी आश्रम सांभाळला आणि त्यांच्या काळात तो जगभर ज्ञात झाला.

तेथील दिनक्रम साधा आहे. पहाटे अंधारात घंटा होते. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला ध्यान, दिवसातून तीनदा सामुदायिक प्रार्थना, सकाळी मिस्सा, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, मधल्या वेळात भाजी चिरायला पाहुण्यांनीही बसायचे. मंदिर दाक्षिणात्य पद्धतीचे आहे, दारावर गोपुर. प्रार्थनेत स्तोत्रसंहितेबरोबर उपनिषदांतील व तमिळ संतांच्या वचनांचे वाचन होते. सकाळी चंदन, मध्यान्ही कुंकू, सायंकाळी विभूती लावतात. अर्पणाच्या वेळी थाळीभोवती आठ दिशांची आठ फुले ठेवली जातात आणि आरती होते.

आपल्याकडील काही वाचकांच्या कपाळावर येथे आठी पडेल हे आम्ही जाणतो. आरती, अंजली, पंचांग प्रणाम, भूमीवर बसणे इत्यादी बारा बाबींना रोमने १९६९ सालीच भारतासाठी अनुमती दिली, तरी वाद मिटलेला नाही. आमचे स्वतःचे मत असे की मराठी ख्रिस्ती माणसाला तरी दचकायचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीत छापले गेले आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरवला. तेव्हा चंदन आम्हांला अडले नाही. आम्हांला अडले ते मौन.

धर्मग्रामातील धर्मगुरूचे सारे प्रार्थनाजीवन कोणासाठी तरी असते. अमक्याच्या आजारासाठी मिस्सा, तमक्याच्या वर्षदिनाची मिस्सा, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी, पावसासाठी. घंटेच्या आधी दार वाजते आणि घंटेनंतर फोन. आम्ही तक्रार करीत नाही. याचसाठी आम्हांला दीक्षा मिळाली. परंतु शांतिवनम् येथे आमच्या दारावर कोणी थाप मारीत नव्हते. पहाटे आसनावर बसले की समोर अंधार, मागे नदी, आणि मध्ये एक माणूस, ज्याला कोणाच्याही वतीने काही मागायचे नव्हते. पहिले तीनचार दिवस आम्ही सवयीने माणसांची यादी मनात फिरवली. मग यादी संपली. तेव्हा जो प्रश्न उरला तो आम्ही घरूनच नेला होता.

त्या नाताळाच्या आधी धर्मग्रामातील एका कुटुंबावर आघात झाला होता. बावीस वर्षांचा मुलगा रात्रपाळीहून घरी येताना अपघातात गेला. मर्तिकाच्या मिस्सेत आम्ही पुनरुत्थानावर बोललो, जे बोलायला हवे ते बोललो. आठवड्याने भेटीस गेलो तेव्हा त्याची आई ओसरीवर बसली होती. आम्ही दोन सांत्वनाचे शब्द काढताच तिने हात वर करून थांबवले.

“फादर, चर्चचं सांगू नका. ते मला पाठ आहे. तुमचं सांगा. माझा पोर आहे का कुठं?”

आम्ही म्हणालो, “बाय, थोडा वेळ दे मला.” तिने मान हलवली. रागावली नव्हती ती. जिला खरे उत्तर हवे असते ती बाई थांबायला तयार असते.

कार्डिनल न्यूमन, ज्यांना २०१९ साली संतपद मिळाले, यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मान्यतेचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक कल्पनेला दिलेली मान्यता, दुसरी प्रत्यक्ष वस्तूला दिलेली. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ हे आपण सारेच मानतो. परंतु डॉक्टर आपल्या स्वतःच्या अहवालावर बोट ठेवतात तेव्हा तेच वाक्य वेगळे होते. त्या आईला पुनरुत्थानाची कल्पना मान्य होती. तिला विचारायचे होते ते एका विशिष्ट मुलाबद्दल, ज्याचा डबा अजून मोरीत तसाच पडला होता. आणि ती विचारीत होती ते एका विशिष्ट माणसाला. ‘आम्ही’ हे उत्तर तेथे चालणारे नव्हते.

ध्यानात बसून या प्रश्नाचे उत्तर एखाद्या अनुभूतीच्या रूपाने येईल अशी जर कोणाची अपेक्षा असेल, तर सांगावे लागते की तसे काही घडले नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आश्रमाच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो आणि संस्थापकांचे वाचू लागलो. ते वाचन आम्हांला अधिक उपयोगी पडले.

मोंशानँ आणि अभिषिक्तानंद या दोघा मित्रांत पुढे अंतर पडत गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोघेही भारतावर प्रेम करणारे, दोघेही त्रैक्याच्या गूढाला सच्चिदानंद म्हणणारे. त्या संज्ञेवरचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे १८९८ मधील संस्कृत स्तोत्र आजही तेथे गायिले जाते. परंतु अभिषिक्तानंदांनी १९४९ साली तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींचे दर्शन घेतले, पुढे अरुणाचलाच्या गुहांत राहिले, आणि अद्वैताचा अनुभव त्यांना इतका खरा वाटला की देवाला ‘तू’ म्हणणे त्यांना कठीण होऊ लागले. मोंशानँ यांना उलट वाटत गेले की अद्वैत आणि ख्रिस्ती त्रैक्य यांमधील दरी सहज बुजणारी नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात ते पॅरिसमध्ये वारले. ज्या मठाचे त्यांनी स्वप्न पाहिले होते तो त्यांच्या हयातीत उभा राहिलाच नाही. झोपड्या होत्या, मठवासी नव्हते. खेड्यातील एका धर्मगुरूचे जीवन बाहेरून पाहता निष्फळच संपले.

आणि अभिषिक्तानंद? ज्यांना ‘मी’ आणि ‘तू’ यांतली रेषाच पुसट झाली होती, त्यांनी मिस्सा सोडली नाही. आत ओढाताण किती होती ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या दैनंदिनीतून कळते. १९६४ साली ते रायमोन पणिक्करांसोबत गंगोत्रीला गेले तेव्हा त्या हिमात त्यांनी ख्रिस्तयाग अर्पण केला. ७ डिसेंबर १९७३ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी आम्ही सहमत नाही. आमच्या मते मोंशानँ यांची शंका अधिक सावध आणि अधिक ख्रिस्ती होती. ‘आमच्या बापा’ म्हणणाऱ्या लेकराने स्वतःला बापात विरघळवून टाकले तर ती प्रार्थना करणार कोण, हा प्रश्न उरतोच. तथापि ज्याच्या बुद्धीला काही काळ मार्ग दिसत नव्हता तो माणूस रोज भाकर व द्राक्षारस हाती घेत राहिला, यास काय म्हणावे? दांभिकपणा?

हा प्रश्न एकट्या अभिषिक्तानंदांचा नाही. लिझ्यूची संत तेरेझा १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत अशा अंधारात होती की स्वर्ग आहे ही गोष्टच तिला लोपल्यासारखी झाली. त्या काळात तिने विश्वासांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी बाळगला. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कित्येक दशके त्यांना देवाच्या सान्निध्याचा ओलावा जाणवत नव्हता. त्या वेळी काही वृत्तपत्रांनी लिहिले की मदर मनातून अविश्वासी होत्या. आम्हांला ते उथळ वाटले. दांभिक तो, जो नसलेली वस्तू लाभासाठी मिरवतो. येथे लाभ कसला? पहाटे उठून मरणाऱ्या अनोळखी माणसाच्या जखमा धुण्याचा?

संत थॉमस अक्वायनसने ऑगस्टिनचा आधार घेऊन विश्वासाच्या एकाच कृतीचे तीन पैलू दाखवले आहेत. मराठीत ते प्रत्ययांवरून सांगता येतात : देवाला मानणे, देवाचे म्हणणे मानणे, आणि देवावर विसंबून त्याच्याकडे चालू लागणे. पहिले दोन बुद्धीकडे आहेत, तिसरे पायांकडे. गोव्याच्या कोकणीत विश्वासांगीकारात ‘सत मानता’ म्हणतात, त्यात पहिल्या दोहोंचा नेमका भाव आला आहे. परंतु बुद्धी थकली, अंतःकरण कोरडे पडले, तरी पाय चालत राहू शकतात. आणि पाय चालत असतील तर विश्वास गेला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणालाही, स्वतःलासुद्धा, नाही.

येथपर्यंत आम्ही आलो तेव्हा मनात एक आक्षेप उभा राहिला आणि तो टाळण्यासारखा नाही. पाय नुसत्या सवयीनेही चालतात. घाण्याचा बैलही चालतो. चालणे आहे म्हणून विश्वास आहे, हे पुरेसे प्रमाण कसे?

मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, चार माणसे एका पक्षाघात झालेल्याला छप्पर उकलून खाली सोडतात. येशू पाहतो तो त्यांचा विश्वास. खाटेवरच्या माणसाला स्वतःला काय वाटत होते याविषयी मार्क एक अक्षरही लिहीत नाही. कदाचित त्याला काहीच वाटत नसेल. कदाचित या चौघांच्या उत्साहाने तो वैतागलाही असेल. क्षमा त्याला मिळते, आणि मग उठून चालायचे ते मात्र त्याला एकट्याला. चौघे त्याला आणू शकले, त्याच्याऐवजी उठू शकले नाहीत. आमच्या घरी आई शेजारून विरजण आणीत असे. दूध आपल्या गोठ्यातले, विरजण शेजारचे. सकाळी लागलेले दही कोणाचे, हा वाद कधी झाला नाही. मात्र दूधच नसेल तर शेजारच्या विरजणाला लागायला काही नसते, आणि दूध असून विरजण न आणले तर ते नासते. घाण्याच्या बैलाची गोष्ट वेगळी : त्याने घाणा कधी मागितलेला नसतो. जो कोरडेपणातही विरजण मागायला शेजारी जातो त्याच्यापाशी दूध आहे.

आश्रमातील एका तमिळ बंधूशी एकदा भाजी चिरताना हा सर्वनामांचा विषय निघाला. तो हसून म्हणाला की तमिळमध्येही हाच भेद आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेत ते ‘एंगळ’ म्हणतात, म्हणजे आपले ‘आमच्या’. ‘नम्’ नव्हे, जे आपले ‘आपल्या’. मग सुरी थांबवून त्याने विचारले, “पण फादर, सायंप्रार्थनेला येणाऱ्या त्या मास्तरांना तुम्ही कशात धरता?” आमच्या मुक्कामात एक निवृत्त हिंदू शिक्षक रोज सायंकाळी येत, मागे बसत, आरती घेत. सकाळच्या मिस्सेला कधी आलेच तर ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळी हात जोडून जागेवर बसून राहत. उपनिषदाच्या वाचनापर्यंत ‘आपण’ होतो. वेदीपाशी ‘आम्ही’ झालो. यात कोणाचा अपमान आहे असे आम्हांला वाटत नाही, आणि मास्तरांनाही तसे वाटत असल्याचे दिसले नाही. परंतु ही रेषा नाहीच असे भासवणेही खरे नव्हे. त्या बंधूच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. त्यालाही बहुधा ते नको होते, कारण त्याने पुढचा दोडका उचलला.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही त्या आईकडे गेलो. आता मात्र आडोसा सोडावा लागला.

“बाय, मला काही दिसलं नाही,” आम्ही म्हणालो. “पण रोज सकाळी मिस्सेत मी त्याचं नाव घेतो. आणि नाव घेताना तो नाही, असं मला एकदाही म्हणता आलेलं नाही. माझं एवढंच आहे.”

ती बराच वेळ बोलली नाही. आत भाताचे आधण उकळल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारले, “किती वाजताच्या मिस्सेला?”

“साडेसहाच्या.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आधण पाहायला उठली.

यंदा दृढीकरण संस्काराच्या वर्गात आम्ही मुलांना निकियाचा विश्वासांगीकार शिकवतो आहोत. एकदा तो ‘मी’ने म्हणायला लावतो, एकदा ‘आम्ही’ने. ‘मी’ म्हणताना त्यांचे आवाज खाली येतात. ‘आम्ही’ म्हणताना मागच्या बाकावरची पोरेही खणखणीत बोलतात. आठवीतील एका मुलाने परवा हात वर केला आणि विचारले, “फादर, परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं?” त्याला अजून सांगितलेले नाही. बिशप महोदय येण्यास दीड महिना आहे.